भुईमूग, जमीन आणि पंधराशे डॉलर

अलाबामा राज्यातलं टस्कीगी हे आडगाव मराठी घरांत ओळखीचं झालं ते वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. १९८१ साली आलेल्या या पुस्तकाने जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना आपल्याकडे घरोघरी नेलं. कार्व्हर ज्या व्यवस्थेत राबले, तिच्याबद्दल मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी जी कॉलेजं निघाली, त्यांपैकी १९ संस्था आज तिथल्या सरकारी शेतीशिक्षणाचा भाग आहेत. त्यांच्या इतिहासाचं काय करायचं, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. मामा कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागातून निवृत्त झालेले. आयुष्य शिवारफेऱ्या आणि पीक-प्रात्यक्षिकांत गेलेलं. भाची कॉलेजात इतिहास शिकवते.

मामा: तू वर्गात बुकर टी. वॉशिंग्टन यांना तडजोडवादी म्हणतेस, असं ऐकलं.

भाची: म्हणते. पण पुराव्यासकट म्हणते.

मामा: मग माझाही पुरावा ऐक. ४ जुलै १८८१ ला त्यांनी टस्कीगीची शाळा सुरू केली. हातात काय होतं? शिक्षकांच्या पगारासाठी राज्यानं दिलेले वर्षाचे २,००० डॉलर, चर्चच्या आवारातली एक मोडकळलेली खोली आणि तीसेक विद्यार्थी. जागा नाही, इमारत नाही, अवजार नाही. मग ५०० डॉलरना १०० एकरांचा एक ओसाड मळा घेतला, आणि इमारती बांधायला विटा पोरांनीच पाडायच्या असं ठरवलं. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. पैसे संपले तेव्हा वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ गहाण टाकून १५ डॉलर उभे केले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. पुढं आसपासचे गोरे लोकसुद्धा टस्कीगीची वीट विकत न्यायला लागले. माझ्या लेखी शिक्षण म्हणजे हेच.

भाची: विटांची गोष्ट मलाही आवडते, मामा. पण इतिहास शिकवणाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारायचा असतो. घड्याळ गहाण टाकायची वेळ का आली? त्याच राज्यात, तिथून जवळच ऑबर्नला शेतकी कॉलेज होतं. तिथल्या प्राध्यापकांना विटा पाडाव्या लागत नव्हत्या.

मामा: ते सरकारी होतं.

भाची: तेच तर म्हणते मी. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला काँग्रेसमधल्या दर सदस्यामागे ३०,००० एकर जमीन. ती विकायची आणि त्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज काढायचं. ती जमीन मुळात आदिवासी जमातींकडून काढून घेतलेली, हा भाग वेगळाच. कायदा सामान्य कष्टकऱ्याच्या मुलांसाठी होता. पण दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी शेतं कसली, त्यांच्याच मुलांना त्या कॉलेजांत दार बंद.

मामा: सगळीकडे नाही. मिसिसिपीत १८७१ सालीच अल्कॉर्न निघालं. पहिले अध्यक्ष हायरम रेव्हेल्स, म्हणजे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. सिनेट सोडून आले आणि कॉलेज चालवायला बसले. जागा कुठली, तर ओकलंड कॉलेजची. मळेवाल्यांच्या गोऱ्या मुलांसाठी बांधलेलं ते कॉलेज बंद पडलं आणि कालपर्यंत गुलाम असलेल्यांची मुलं तिथं शिकायला बसली. व्हर्जिनियानंही जमीन-अनुदानाच्या पैशातला एक-तृतीयांश वाटा हॅम्प्टनच्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेला दिला.

भाची: दिला, कारण तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मत होतं आणि विधिमंडळात माणसं होती. युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ होता तो. मिसिसिपीनं अल्कॉर्नला वर्षाला ५०,००० डॉलर द्यायचं ठरवलं होतं. गोऱ्यांची सत्ता परत येताच ती रक्कम छाटली गेली. मत गेलं की पैसा गेला, हा या सगळ्या कहाणीचा नियम आहे.

मामा: तरी १८९० चा कायदा आलाच ना?

भाची: आला. दुसरा मॉरिल कायदा. त्यात अट अशी: प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या राज्याला पैसे नाहीत, पण कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॉलेज काढून पैशाची ‘न्याय्य’ वाटणी केली, तर चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी दुसरी वाट धरली. म्हणजे सुप्रीम कोर्टानं १८९६ साली प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ला मान्यता दिली, त्याच्या सहा वर्षं आधी काँग्रेसनं शेतीशिक्षणात वेगळेपण मान्य करून टाकलं होतं. समान हा शब्द तर त्यात नव्हताच.

मामा: तू कायद्यातलं भोक बघतेस, मी त्यातून काय उगवलं ते बघतो. त्या एका कायद्यामुळे नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोचं ए अँड टी कॉलेज निघालं, दक्षिणेतल्या राज्याराज्यांत कॉलेजं उभी राहिली, जुन्यांना आधार मिळाला. टेक्सासचं प्रेअरी व्ह्यू १८७८ साली आठ विद्यार्थ्यांवर सुरू झालं होतं, तेही एका जुन्या गुलाममळ्यावर. नाहीतर ही नावं आज कुणी ऐकली असती?

भाची: आणि त्या कॉलेजांत शिकवत काय होते? खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी धड प्राथमिक शाळा नव्हत्या, हायस्कुलं तर जवळजवळ नव्हतीच. म्हणून या ‘कॉलेजां’ना अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागली. १९१० च्या दशकाच्या मध्याला झालेल्या सरकारी पाहणीत या सगळ्या कॉलेजांत मिळून कॉलेज-पातळीचे विद्यार्थी निघाले अवघे १२. बाकी हजारो मुलं शाळेच्या वर्गांत.

मामा: हा त्यांचा दोष नव्हे. उलट मोठेपण आहे. पोरगा जिथं उभा आहे तिथून त्याला उचलायचा. आम्हीही तेच करायचो. शेतकऱ्याला नत्र-स्फुरद-पालाशचं गणित सांगण्याआधी शेणखताचा खड्डा कसा करायचा ते दाखवायचो.

भाची: दोष त्यांचा आहे असं मी म्हटलंच नाही. मी म्हणते, दोष ज्यांचा आहे त्यांचं नाव आपण घेत नाही. कार्व्हरांचीच गोष्ट घ्या. १८९६ साली ते आयोवाहून एम.एस. करून आले. काचेची उपकरणं नाहीत म्हणून उकिरड्यावरच्या बाटल्या, तुटकी भांडी गोळा करून त्यांनी प्रयोगशाळा थाटली, हे आपल्याकडे प्रत्येक व्याख्यानात सांगतात. आता हिशेब ऐका. १८८७ च्या हॅच कायद्यानं केंद्र सरकार शेतीसंशोधन केंद्रासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला १५,००० डॉलर देत होतं. अलाबामात ते ऑबर्नला जात. १८९७ साली राज्यानं टस्कीगीला प्रयोगकेंद्र मंजूर केलं आणि त्याला वर्षाला दिले १,५०० डॉलर. बरोबर एक-दशांश. उकिरड्यावरच्या बाटल्या तिथून आल्या.

मामा: पंधराशे डॉलरमध्ये त्या माणसानं काय केलं, तेही सांग ना मग.

भाची: तुम्ही सांगा. तो तुमचा प्रांत.

मामा: सांगतो. कापसानं जमिनी धुऊन गेल्या होत्या. वर्षानुवर्षं एकच पीक. सेंद्रिय अंश संपलेला, पावसानं घळी पडलेल्या. कार्व्हरांनी प्रयोगाला निवडली ती तसलीच नापीक जमीन. त्यांनी ठरवलं, की शेतकऱ्याला जे विकत घ्यावं लागेल ते आपण सांगायचं नाही. मग दलदलीतला गाळ आणि रानातला पालापाचोळा कुजवून खत केलं. चवळी, भुईमूग, रताळं फेरपालटीत आणलं. चवळीच्या आणि भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे तेव्हा शास्त्राला नुकतंच उमगलं होतं. यांनी ते थेट गरीब शेतकऱ्याच्या वावरात नेलं. आणि लिहिलं किती सोपं! एकूण ४४ पुस्तिका काढल्या. १८९८ ची पहिली, डुकरांना ओकची फळं चारण्यावर. १९०५ मध्ये थकलेली जमीन कशी सुधारावी यावर. १९१६ मध्ये भुईमुगाची लागवड आणि त्याचे खायचे १०५ प्रकार. आमच्या विद्यापीठाच्या घडीपत्रिका मी वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. इतकं सुटसुटीत लिहायला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे.

भाची: पुस्तिका मीही वाचल्यात. त्या चांगल्याच आहेत. पण वाचणाऱ्याच्या बाजूनं बघा. तो अर्धेलीनं दुसऱ्याची जमीन कसतोय. बी, पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कपडा, सगळं दुकानदाराकडून उधार. तारण काय, तर उभं पीक. दुकानदाराला हवा कापूस, कारण कापसाला बाजार आहे, तो नासत नाही आणि कसणाऱ्याला खाताही येत नाही. अशा माणसाला कार्व्हर सांगतात, कापूस कमी करून भुईमूग लाव. तो म्हणणार, मालकाला विचारा.

मामा: अगं, बोंड पोखरणारा सोंड्या टेक्सासमधून सरकत अलाबामात पोचला, तेव्हा मालकांनाही भुईमूग आठवला.

भाची: मालकांना आठवला, हे तुम्हीच म्हणालात. १९२१ साली कार्व्हर काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला गेले ते भुईमुगावर आयातकर लावा म्हणून. त्यांना दहा मिनिटं दिली होती. सभासद ऐकतच राहिले आणि वेळ वाढवत गेले. फार मोठा प्रसंग आहे तो. पण त्यांना बोलावून घेणारी संघटना गोऱ्या भुईमूग उत्पादकांची आणि व्यापाऱ्यांची होती. ज्याच्यासाठी हे संशोधन सुरू झालं, तो अर्धेलीवाला त्या खोलीत नव्हता.

मामा: त्याच्यापर्यंत कार्व्हर खोलीतून नव्हे, गाडीतून पोचले. तो भाग तुझ्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात. १८९२ पासून वॉशिंग्टन दरवर्षी टस्कीगीला शेतकरी मेळावा भरवत होते. पण जो मेळाव्याला येऊ शकत नाही त्याचं काय? १९०६ साली कार्व्हरांनी आराखडा केला, न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप या बँकवाल्यानं पैसे दिले आणि एक घोडागाडी तयार झाली. तिच्यात लोणी काढायचं यंत्र, साय वेगळी करायचं यंत्र, दुधातली स्निग्धता मोजायचं उपकरण, नांगर, बियाणं, खतांचे नमुने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टस्कीगीचेच माजी विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल यांना केंद्रीय कृषी खात्यानं नेमलं. त्या खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी ते. घोडागाडी गेली, १९१८ मध्ये मोटार ट्रक आला. आणि १९२३ मधला नवा ट्रक कुणाच्या पैशातून? अलाबामातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी काढलेल्या वर्गणीतून!

भाची: ते मला माहीत आहे.

मामा: पण तो ट्रक गावात करायचा काय, ते ऐक. एखाद्या गरीब कुटुंबाच्या घरी मुक्काम. शेतकी अधिकारी पुरुषांना घेऊन कुंपण दुरुस्त करणार, कोंबड्यांचं खुराडं बांधणार, संडासाचा खड्डा खोदणार. गृहविज्ञानवाल्या बाई बायकांना फळं बाटलीबंद करायला, गाद्या शिवायला शिकवणार. सोबत नर्स, ती तान्ह्या मुलांची अंघोळ, पाण्याची स्वच्छता दाखवणार. शेजारपाजार सगळा जमलेला, हातात काम घेऊन. आणि ट्रक पुढच्या गावाला निघतो तेव्हा त्या घराला पांढरा चुना लागलेला, पायऱ्या बसलेल्या. भाषण देऊन निघून जाणारे विस्तारवाले मी पुष्कळ पाहिले. हे काम वेगळ्या जातीचं आहे.

भाची: हे मी मान्य करते, आणि मनापासून. मात्र त्याचंच पुढं काय केलं बघा. टस्कीगी आणि हॅम्प्टन यांनी हे काम करून दाखवलं, आणि १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायद्यानं कृषी विस्तार देशभर सरकारी झाला. सिनेटमध्ये वेस्ली जोन्स यांनी दुरुस्ती मांडली, की कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनाही न्याय्य वाटा द्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी.नं ती उचलून धरली. पण पैसा कुठल्या कॉलेजकडे द्यायचा हे शेवटी राज्यांच्या हाती राहिलं. दक्षिणेतल्या राज्यांनी तो गोऱ्यांच्या कॉलेजांकडे सोपवला. कॅम्पबेल यांच्यासारखी माणसं कामाला राहिली, टस्कीगीत बसून काम करत राहिली. पण पगार कमी, हाताखाली माणसं कमी आणि वर गोरा साहेब. ज्यांनी पद्धत बसवली, ते स्वतःच्याच पद्धतीत दुय्यम झाले.

मामा: हं. १९१४ ची ती बाजू मी इतक्या तपशिलात पाहिली नव्हती. पण म्हणून वॉशिंग्टन चुकले कसे?

भाची: १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, की आधी हातातलं काम, शेती, कारागिरी, राजकीय हक्कांची घाई नको. गोऱ्या पुढाऱ्यांना हे ऐकायचंच होतं. १९०३ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉईस यांनी त्यावर टीका केली. आपल्या आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिलं, तेच डुबॉईस. त्यांचं म्हणणं साधं होतं: मताशिवाय मिळवलेली मालमत्ता राखता येत नाही, आणि उच्च शिक्षणाशिवाय तुमच्या शेतकी शाळांना शिक्षक कुठून मिळणार?

मामा: डुबॉईस हार्वर्डचे. त्यांना बोलायला काय जातं! १९०१ साली अलाबामानं घटना बदलून कृष्णवर्णीयांचं मत हिरावलं. अशा ठिकाणी राहून कॉलेज चालवायचं म्हणजे तोंड सांभाळूनच चालवावं लागतं. आणि हेही सांग विद्यार्थ्यांना, की त्याच घटनेविरुद्धचा जाइल्स खटला वॉशिंग्टननी आतून पैसे पुरवून सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. कुणाला कळू न देता.

भाची: सांगते. तो खटला १९०३ मध्ये हरले, हेही सांगते. पण मला जास्त खटकतं ते टोगो. १९०० च्या अखेरीस जर्मन वसाहतवाल्यांनी टस्कीगीकडे माणसं मागितली. जेम्स कॅलोवे आणि आणखी तिघं आफ्रिकेत टोगोला गेले, कापूस शिकवायला. तिथले लोक मका आणि कंदमुळं पिकवून पोट भरत होते. जर्मनांना हवा होता कारखान्यांसाठी कापूस, आणि तो करांच्या आणि वेठीच्या जोरावर लावून घेतला गेला. टस्कीगीचे लोक चांगल्या मनानं गेले असतील. पण अलाबामात ज्या कापसानं माणसाला बांधून ठेवलं, तोच दुसऱ्याच्या दारी नेऊन लावला. फक्त ‘कसं पिकवायचं’ एवढंच शिकवणारं शिक्षण ‘कुणासाठी’ हे विचारत नाही.

मामा: टोगोचं मी समर्थन करणार नाही. मात्र या कॉलेजांनी फक्त मान खाली घालायला शिकवलं, हे मी कबूल करणार नाही. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरोच्या वूलवर्थच्या दुकानात फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर चार पोरं जाऊन बसली आणि उठेनात. तिथून दक्षिणेत बैठा सत्याग्रह पसरला. ती चार पोरं कुठली? नॉर्थ कॅरोलायना ॲग्रिकल्चरल अँड टेक्निकल कॉलेजची. शेतकी कॉलेजची!

भाची: हा मुद्दा तुमचा. ज्यांनी नाव ‘शेतकी’ ठेवून पैसे दिले त्यांना हे अपेक्षित नव्हतं.

मामा: आणि ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’? सरकारी पैशातून शाळांत शेतीविषय शिकवणं १९१७ ला सुरू झालं, पण विद्यार्थ्यांच्या संघटनेत गोऱ्यांबरोबर जागा नव्हती. म्हणून व्हर्जिनिया स्टेट कॉलेजच्या शिक्षकांनी १९२७ साली खेड्यापाड्यांतल्या कृष्णवर्णीय मुलांची स्वतःची संघटना बांधली. १९३५ मध्ये टस्कीगीला ती देशपातळीवर गेली. सोनेरी अक्षरांची काळी जाकिटं, बोधचिन्हात कापसाचं बोंड. भाषणकलेच्या स्पर्धा, पिकांच्या स्पर्धा, सभा कशी चालवायची त्याचं शिक्षण. खेड्यातल्या पोराला सभेचं अध्यक्षपद मिळणं काय असतं, ते खेड्यातल्यालाच कळतं.

भाची: आणि १९६५ मध्ये काय झालं? सुमारे ५०,००० सभासदांची ती संघटना गोऱ्यांच्या ‘फ्युचर फार्मर्स’मध्ये विलीन केली. नाव गेलं, काळी जाकिटं गेली, बोंड गेलं. कृष्णवर्णीय पदाधिकारी आणि शिक्षक मागं पडले.

मामा: वेगळेपण नको म्हणणारी तूच ना?

भाची: वेगळेपण नकोच. पण एकत्र येणं म्हणजे एकानं आपलं सगळं टाकून दुसऱ्याच्या घरात राहायला जाणं नव्हे. दोघांनी मिळून नवं घर बांधायला हवं होतं. तसं झालं नाही, म्हणून त्या मुलांचं शेतीशी असलेलं नातंही सैल झालं.

मामा: नातं सैल व्हायला एवढं एकच कारण नाही. शेतीच हातातून गेली.

भाची: तिथंच यायचं होतं मला. १९२० मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय शेतकरी होते सव्वानऊ लाख. देशातल्या शेतकऱ्यांपैकी १४ टक्के. आज दीड टक्काही नाहीत. शंभर वर्षं कॉलेजं, पुस्तिका, ट्रक, मेळावे, आणि शेवटी माणूसच शेतावर उरला नाही. तुमच्या विस्तारशास्त्राकडे याचं उत्तर आहे?

मामा: यंत्रं आली, माणसं शहरांकडे गेली, गोरे शेतकरीही कमी झाले.

भाची: झाले, पण या प्रमाणात नाही. कृषी खात्याच्या तालुका कचेरीत कर्ज मागायला गेलं, तर समितीत गोरे जमीनदार. अर्ज महिनोन्‌महिने पडून; कर्ज मंजूर व्हायचं ते पेरणी उलटल्यावर. टिमथी पिगफर्ड या शेतकऱ्यानं आणि इतरांनी सरकारविरुद्ध खटला केला, १९९९ मध्ये तडजोड झाली आणि एक अब्जाहून जास्त डॉलर भरपाई द्यावी लागली. उशिरा आलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज. शिवाय कितीतरी जमिनींवर मृत्युपत्र नसल्यामुळे वारसांची नावंच लागली नव्हती. सगळ्यांची सामायिक मालकी. एका दूरच्या वारसाचा हिस्सा कुणी बाहेरच्यानं विकत घ्यायचा, वाटणीचा दावा लावायचा, आणि कोर्ट सगळी जमीन लिलावात काढायचं. भुईमुगाचे १०५ पदार्थ येत असून काय उपयोग?

मामा: वारसनोंदीचं मला सांगू नकोस, ते दुखणं मी इथंही बघितलंय. बरं, तुझं खरं मानू, की शिक्षणानं जमीन वाचली नाही. पण ज्यांची वाचली त्यांची कशानं वाचली? टस्कीगीचेच बुकर व्हॉटली बघ. फळबागांचे प्राध्यापक. सत्तरच्या दशकात सरकार म्हणत होतं, मोठे व्हा नाहीतर शेती सोडा. ते म्हणाले, लहान राहा आणि हुशारीनं करा. २५ एकरांत वर्षभर काही ना काही निघेल अशी पिकं लावा, डांबरी रस्त्याजवळ राहा, शहरातल्या कुटुंबांना वर्गणीदार करा, आगाऊ पैसे घ्या, त्यांनी येऊन आपल्या हातानं फळं तोडावीत. मधला दलालच गेला! १९८७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आज आपल्याकडे गटशेतीवाले, शहरात भाजीची पेटी पोचवणारे जे करतात, त्यातलं बरंच त्यात आहे. पीकच नव्हे, बाजारसुद्धा शेतकऱ्याच्या हातात देणारा हा विचार.

भाची: व्हॉटली मला पटतात. कारण कापूस मागणाऱ्या दुकानदाराला त्यांनी ओळखलं होतं. कार्व्हरांनी त्याला टाळून वाट काढली, व्हॉटलींनी त्याची जागाच काढून घेतली.

मामा: म्हणजे दोन पिढ्यांत विचार पुढं गेला. तोही त्याच कॉलेजात बसून. मग ते कॉलेज फसलं असं कसं म्हणायचं?

भाची: कॉलेज फसलं असं मी म्हणतच नाही. त्याला फसवलं गेलं, असं म्हणते. आता फक्त तारखा बघा. संशोधनाचा पैसा गोऱ्यांच्या कॉलेजांना १८८७ पासून. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना केंद्राचा थेट संशोधन-निधी मिळायला १९६७ उजाडलं, तोही सगळ्यांत मिळून वर्षाला तीन लाख डॉलरच्या आत. नियमित हक्काचा निधी १९७७ च्या इव्हान्स-ॲलन तरतुदीनं. मधे ९० वर्षं. त्यानंतर नियम आला, की केंद्र देईल तेवढेच राज्यानंही घालायचे. पण या कॉलेजांच्या बाबतीत राज्याला निम्म्या वाट्यापर्यंत सूट मिळू शकते. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत त्यांपैकी ६१ टक्के संस्थांना राज्याकडून पूर्ण वाटा मिळाला नाही. बुडाले सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलर.

मामा: एवढं असून ओक्लाहोमाच्या लँग्स्टनला शेळ्यांवरचं नावाजलेलं संशोधन केंद्र आहे. फोर्ट व्हॅलीलाही शेळीपालनाचं काम आहे. लहान शेतकऱ्याचं जनावर कुणी अभ्यासलं? यांनीच. मोठ्या विद्यापीठांचं लक्ष मका आणि सोयाबीनवर.

भाची: म्हणूनच तर त्यांचा पैसा अडवणं जास्त वाईट. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. तीसेक वर्षांचा हिशेब मांडला: दर विद्यार्थ्यामागे गोऱ्यांच्या जुन्या कॉलेजाला जेवढं दिलं तेवढंच यांना दिलं असतं, तर १२ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले असते. एकट्या टेनेसी स्टेटचे दोन अब्जांवर. ही गुलामगिरीच्या काळातली थकबाकी नाही, मामा. मी शाळेत जात होते त्या काळातली आहे.

मामा: पत्रांनी पैसे येतात का?

भाची: पत्रांनी क्वचित. कोर्टानं येतात कधीकधी. मेरीलँडमध्ये चार कृष्णवर्णीय कॉलेजांच्या बाजूनं २००६ साली दावा लागला. तक्रार अशी, की शेजारच्या सरकारी संस्थांनी तेच अभ्यासक्रम उघडून यांचे विद्यार्थी ओढले. २०२१ मध्ये राज्यानं ५७ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्या चारांत मेरीलँडचं शेतकी कॉलेज, म्हणजे ईस्टर्न शोअरची संस्थाही होती. पंधरा वर्षं लागली, पण मिळाले.

मामा: मग माझं म्हणणं ऐक आणि आवडलं नाही तर सोडून दे. मी चाळीस वर्षांच्या नोकरीनंतरही हेच म्हणेन, की शेतकऱ्याच्या वावरात जाऊन, त्याच्या हातानं, त्याच्या पैशात बसेल असं शिकवणं यापेक्षा मोठं शेतीशिक्षण नाही; आणि ते टस्कीगीकडून शिकावं. यावर मी मागं हटणार नाही. पण इतके दिवस मी पंधराशे डॉलरचं कौतुक करत आलो. ती रक्कम कौतुकाची नाही. काटकसर शेतकऱ्यानं करायची असते, सरकारनं त्याच्या शिक्षणात करायची नसते.

भाची: आणि मी वर्गात ट्रकचा तास वाढवेन. कॅम्पबेल यांच्यावर पूर्ण तास घेईन. पण वॉशिंग्टन यांच्याबद्दलचं मत बदलणार नाही. मत गमावून मिळवलेली शाळा टिकते, तिचा वाटा टिकत नाही, हे सव्वाशे वर्षांच्या हिशेबानं दाखवलंय.

मामा: ते तुझं मत. माझा निकाल इतकाच: कॉलेजची कोनशिला बसवली म्हणजे सरकारचं काम संपत नाही. कायद्यानं ठरलेला आणि न दिलेला वाटा म्हणजे कर्जच, आणि १६ राज्यांवर ते कर्ज आजही उभं आहे.